मृगाआधी गायरानाचे ठरवा: पुणे जिल्ह्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभेचे सर्व सदस्य,
बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर व पुरंदर तालुक्यांतील गायरान असलेली गावे, जि. पुणे

प्रत माहितीसाठी: पशुसंवर्धन विभाग, जिल्हा परिषद, पुणे

स. न. वि. वि.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिकेवर टँकर, घरकुले, रस्ते असणारच. त्यांच्यासोबत आणखी एक विषय घ्यावा, यासाठी हे पत्र. येत्या पावसाळ्यात गावच्या गायरानात कोणाची गुरे कोणत्या भागात किती दिवस चरणार आणि त्यानंतर तो भाग किती दिवस बंद राहणार, एवढेच ठरवायचे आहे. मृगाआधी हे ठरले नाही, तर पहिली हिरवळ दिसताच गुरे माळावर जातात आणि मग दिवाळीपर्यंत ठरवण्यासारखे काही उरत नाही.

गायरानाबद्दल चावडीवर साधारण दोन मते ऐकू येतात. माळ संपलाय, आता तिथे सौर पॅनेल बसवा नाहीतर झाडे लावा, हे एक. गुरे फार झाली, सरसकट चराईबंदी करा, हे दुसरे. आमचे म्हणणे वेगळे आहे. चाळीस गाई एका भागात तीन दिवस चरल्या आणि नंतर महिना-सव्वा महिना तिकडे फिरकल्या नाहीत, तर तो भाग वर्षागणिक सुधारतो. त्याच भागात पाच गाई जून ते डिसेंबर रोज फिरत राहिल्या, तर तो उजाड होतो. गुरे किती, हा प्रश्न आहेच. पण एकदा खाल्लेल्या बुडख्याला पुन्हा तोंड लागेपर्यंत किती दिवस मिळाले, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि तो गावाच्या हातातला आहे.

मारवेल, पवन्या, अंजन ही आपल्या माळावरची खरी दुधाची गवते. ती एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकतात. उन्हाळ्यात वरून वाळून गेलेली दिसली तरी त्यांचा बुडखा जिवंत असतो, कारण मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस पानांनी तयार केलेले अन्न खोडाच्या तळाशी आणि मुळांत साठलेले असते. ही गवताची कणगी. मृगाचा पाऊस झाला की पहिली दोन-तीन पाने या साठ्यावर फुटतात. अन्न तयार करायला तेव्हा दुसरे काही नसतेच. चौथ्या-पाचव्या पानापासून गवत कमावू लागते आणि कणगी पुन्हा भरायला लागते. ती पहिली कोवळी पाने गाईने ओढून नेली, तर नवी पाने पुन्हा साठ्यातूनच काढावी लागतात. आठ-दहा दिवसांनी तीही गेली की आणखी उपसा. असे तीन-चार वेळा झाले की बुडख्यातले फुटवे कमी होतात, बुडखा लहान होत जातो आणि पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात मरतो. लोक म्हणतात दुष्काळाने गवत मेले. त्याची सुरुवात बहुतेक वेळा आदल्या जूनमध्ये झालेली असते.

मुळांचेही तसेच आहे. १९५५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही कुरणशास्त्रात प्रमाण मानले जातात. गवताचा ४० टक्क्यांपर्यंत पानोरा कापला, तर मुळांची वाढ थांबली नाही. निम्मा कापला, तेव्हा अगदी थोडी मुळे थांबली. ७० टक्के कापल्यावर तीन चतुर्थांशांहून जास्त मुळे थांबली. ८० टक्के कापल्यावर सगळीच्या सगळी मुळे १२ दिवस वाढली नाहीत आणि ९० टक्क्यांना १७ दिवस. निम्म्यापर्यंत गवत सोसते. त्यापुढे नुकसान एकदम वाढते. आपल्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही तुटक, आणि खाली हातभर माती मग मुरूम. अशा जागी दोन आठवडे मुळे थांबली, तर पुढच्या उघडिपीत त्या गवताला खालची ओल गाठता येत नाही.

यावरून गुराख्याला सांगायची मापे सोपी निघतात. गवत वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर झाले की गाई आत सोडायच्या. मूठभर, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर उरले की बाहेर काढायच्या, मग ठरलेल्या दिवसांतला एखादा दिवस शिल्लक असला तरी. माप घेताना शेणाजवळचे उंच गवत किंवा वाटेकडेचे खुरटे गवत धरू नये. भागाच्या मधोमध दहा ठिकाणी मूठ लावून पाहावी.

आता हे दुधापर्यंत कसे पोचते ते पाहा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुपका गुंडाळते, खालच्या दातांवर दाबते आणि मानेला हिसका देऊन तोडते. मिनिटाला ५०-६० घास आणि दिवसाकाठी आठ-साडेआठ तास चरणे, म्हणजे साधारण २८,००० घास. वीतभर गवतात एका घासात कोरड्या वजनाचे ०.३५ ग्रॅम मिळाले, तर दिवसाचे जवळपास १० किलो होतात आणि ४०० किलोच्या गाईचे पोट भरते. तेच गवत तीन-चार बोटांवर आले की जिभेला गुंडाळायला काही मिळत नाही आणि घास ०.१५ ग्रॅमवर येतो. तेवढ्याच घासांत आता जेमतेम ४ किलो. घासांची संख्या दुप्पट करणे तिला शक्य नसते. रवंथाला वेळ लागतो, दुपारचे ऊन असते आणि संकरित होलस्टीन गाय तर उन्हात चरणे सोडून सावली धरते. संध्याकाळी धारेला दूध उतरलेले असते आणि गावात चर्चा पेंडीच्या प्रतीची होते. शिवाय जंतांच्या अळ्या बहुतेक करून गवताच्या तळाच्या पाच सेंटिमीटरमध्ये असतात. जमिनीलगत चरणाऱ्या कालवडी जंतांनी खंगतात, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

मेंढी आणि शेळी ओठांनी अगदी जमिनीलगत खुडू शकतात. म्हणून माळ गाईंना पुरत नाही आणि मेंढ्यांना पुरतो, तेव्हा तो माळ चांगला आहे असे समजू नये.

माळाची घसरण कोणत्या क्रमाने होते, हे गवतांवरून ओळखता येते. सुस्थितीतल्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी दाट असतात. सततच्या चराईत ती मागे पडतात, कारण गाय त्यांनाच आधी शोधते. त्यांच्या जागी कुसळी येते. जुलै-ऑगस्टपर्यंत गुरे ती खातात. पण सप्टेंबरात कुसळे धरली की ती तोंडात, जिभेखाली, मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत घुसतात आणि गुरे तिला टाळतात. त्याहून पुढे बारीक, एका हंगामाची गवते आणि उघडी जमीन. आणि उघड्या जमिनीवर गाजर गवत, जे भारतात प्रथम नोंदले गेले ते १९५०च्या दशकाच्या मध्यात याच पुण्यात. दाट गवतात त्याचे रोप तग धरत नाही. गायरानात गाजर गवत वाढले असेल, तर तिथली जमीन आधी उघडी पडली होती असे समजावे. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. नुसते कापले तर बुडातून फुटते. ते खाल्लेल्या गाईच्या दुधाला कडवट चव येते, हेही लक्षात असू द्यावे.

चराई कमी झाली म्हणजे कुरण आपोआप सुधारते, असाही समज आहे. तो पुरा खरा नाही, आणि सरसकट बंदीला आमचा विरोध याचसाठी आहे. मोठ्या माळावर थोडी गुरे मोकळी सोडली, तर ती गोड गवताचे तुकडे निवडतात. आज खाल्लेला तुकडा आठवड्याने कोवळा फुटतो, गाय पुन्हा तिथेच येते. शेजारचे गवत वाढून निसवते, म्हणजे तुरे धरते, काडी होते आणि तिला कोणी तोंड लावत नाही. एकाच माळावर निम्मे गवत जास्त चराईने मरते आणि निम्मे चराईअभावी कडक होते. कोवळ्या मारवेलच्या कोरड्या वजनात ८ ते १० टक्के प्रथिने असतात. दाणे झडून काडी वाळली की ती ३ ते ४ टक्क्यांवर येतात. ७ टक्क्यांच्या खाली गेले की कोटीपोटातल्या, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना नत्र पुरत नाही, चारा पोटात रेंगाळतो आणि गाय समोर ढीग असून कमी खाते. वर्षानुवर्षे कोणी न चरलेल्या भागात जुन्या काडीखाली बुडखा झाकला जातो, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि फेब्रुवारीत एखाद्या ठिणगीने वणवा लागतो. चांगले गवत येण्यासाठी मुद्दाम वणवा लावणे तर पूर्ण थांबवावे. राखेवर येणारा हिरवा फुटवा पुन्हा त्या कणगीतूनच येतो आणि पहिल्या वळवाच्या सरीत उघडी माती वाहून जाते.

आता हिशोब. तो ग्रामसभेत फळ्यावर मांडता येईल इतका सोपा आहे. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. माळावर बऱ्या, मध्यम आणि वाईट अशा तिन्ही ठिकाणी ती टाका, आतले गवत विळ्याने जमिनीलगत कापा, उन्हात तीन-चार दिवस कडकडीत वाळवा आणि ग्रॅममध्ये तोला. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणून चौकटीत १०० ग्रॅम वाळलेले गवत भरले, तर गुंठ्यात सुमारे १० किलो. त्यातले निम्मे बुडख्यासाठी सोडायचे, म्हणजे गाईच्या वाट्याला गुंठ्यामागे ५ किलो.

समजा गायरान ५० एकरांचे आहे आणि चरायला ४० गाई आहेत. गाईला पूर्ण पोट, १० किलो, माळावरच भरायचे तर रोज दोन गुंठे लागतील. चाळीस गाईंना ८० गुंठे, म्हणजे रोज दोन एकर. पंचवीस दिवसांत सगळे गायरान संपते आणि पहिल्या भागाला पुरती विश्रांती मिळण्याआधीच गाई परत दारात. ही बहुतेक गावांची खरी स्थिती आहे. अडवणूक कोणाचीच करायची गरज नाही, फक्त गायरानाकडून अपेक्षा निम्मी करावी लागते. सकाळी धारेनंतर चार-साडेचार तास चरून गाईने माळावरून ५ किलो घ्यावे आणि उरलेले गोठ्यात कडबा, मुरघास, उसाचे वाढे यांतून द्यावे. वाढे जास्त असतील तर कॅल्शियमची कमतरता पडते. खनिज मिश्रण चुकवू नये. आता रोज एकच एकर लागते.

पन्नासपैकी १२ एकर यंदा बियांसाठी बंद ठेवा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. दोन एकर पाणवठा, वाट आणि उभे राहण्याच्या मुरमाड जागेसाठी. उरलेल्या ३६ एकरांचे प्रत्येकी तीन एकरांचे १२ भाग पाडा. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, गुंठ्याला ५ किलो धरून ६०० किलो. चाळीस गाईंना रोज २०० किलो, म्हणजे बरोबर तीन दिवस. बारा भाग फिरून यायला ३६ दिवस आणि प्रत्येक भागाला ३३ दिवसांची विश्रांती. तीन दिवसांची मर्यादा मुद्दाम आहे. नॉर्मंडीतला शेतकरी आणि संशोधक आंद्रे व्हॉयझां याने गेल्या शतकाच्या मध्यातच हे दाखवले होते: जनावर एका जागी जास्त दिवस राहिले, तर पहिल्या दिवशी खाल्लेल्या बुडख्याचा नवा फुटवा ते त्याच मुक्कामात खाते. भर पावसाळ्यात तीन-चार दिवसांत कोंब बोटभर वर येतो, हे कोणत्याही गुराख्याने पाहिलेले आहे.

तुमच्या चौकटीत १०० ऐवजी ४० ग्रॅम भरले, तर हाच हिशोब ४० ने करा. आकडा लहान आला म्हणून तो बदलू नये. अशा गावाने पहिली दोन वर्षे फक्त भाकड गाई आणि कालवडी माळावर न्याव्यात, दुभत्या गोठ्यात ठेवाव्यात.

सगळ्यात मोठी चूक होते ती उघडिपीत. आपल्या पूर्व भागात जूनचा पाऊस बरा होतो, जुलै-ऑगस्टमध्ये ताण पडतो आणि खरा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्तात, सप्टेंबरात येतो. ताणात गवताची वाढ मंदावते. पुढच्या भागात गेल्यावर गवत वीतभर नसतेच. मग तीन दिवसांऐवजी दोन दिवसांत गाई तिथून हलतात, त्यापुढच्या भागातून दीड दिवसात. फेरी ३६ दिवसांची होती, ती वीस दिवसांवर येते. वाढ मंदावली की विश्रांती वाढायला हवी. प्रत्यक्षात ती घटते, आणि प्रत्येक फेरीगणिक आणखी घटते. तीन आठवड्यांत अख्खे गायरान जमिनीलगत येते. मग सप्टेंबरचा चांगला पाऊस पडतो, पण तो घ्यायला पाने नसतात.

उपाय एकच आणि तो आधीच तयार ठेवावा लागतो: ताण पडला की गाई २० दिवस गोठ्यात. त्या २० दिवसांनी प्रत्येक भागाची विश्रांती ३३ वरून ५३ दिवस होते. चाळीस गाईंचा माळावरचा वाटा ५ किलो रोज, वीस दिवस, म्हणजे ४ टन वाळलेली वैरण गावाने किंवा ज्याने त्याने आपापल्या गाईंपुरती राखून ठेवायची. ग्रामसभेच्या ठरावात हा आकडा लिहावा आणि ताण कधी मानायचा तेही लिहावे. आमची सूचना: फेरीत पुढे असलेला भाग वीतभर झाला नसेल, तर ताण पडला असे धरावे. या दिवसांत गुरे कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यात सोडण्याचा मोह होतो. ताणात आलेल्या कोवळ्या ज्वारीच्या फुटव्याने किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, लागते. पोट फुगते, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर पोचायच्या आत जनावर जाते. तिकडे गुरे नेऊच नयेत.

ओल्या जमिनीचेही भान हवे. काळ्या किंवा चिकण भागात जोराच्या पावसानंतर खूर पाच सेंटिमीटरहून जास्त रुतत असेल, तर वाफसा येईपर्यंत गाई तिथे नेऊ नयेत. खुरांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, बुडखे चिखलात गाडले जातात, आणि तिथे पुढच्या वर्षी टाकळा उगवतो. त्या दिवसांसाठी मुरमाड भाग राखून ठेवावेत. फेरीचा क्रम त्यासाठी बदलला तरी चालतो.

कोणी आधी चरायचे, यावरून भांडणे होतात, म्हणून तेही ठरावात असू द्या. दुभत्या गाईंना नव्या भागाचा पहिला दिवस मिळावा, कारण शेंड्याचा पानोरा सर्वांत कसदार असतो. अगदी लुसलुशीत गवतावर फॅट लागत नाही, म्हणून सोडण्याआधी त्यांना दोन किलो कडबा द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाकड गाई, कालवडी, बैल. खिल्लार गाईंना दूरची, चढाची जागा मानवते. होलस्टीन संकरित गाईंना पाणवठ्याजवळचा, सपाट भाग द्या. त्यानंतर हवे तर मेंढ्या, पण गाई निघाल्यापासून दोन दिवसांच्या आत. आठवड्याने आलेल्या मेंढ्या नेमका नवा फुटवा खातात.

धनगर बांधवांना वगळून केलेला ठराव टिकत नाही आणि टिकूही नये. या माळांवर त्यांचा हक्क आपल्या गोठ्यांइतकाच जुना आहे. त्यांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या प्रमुखांना १ मेच्या आधी भेटून मेंढ्यांचे भाग आणि तारखा ठरवाव्यात. मेअखेर परतलेले कळप गायरानाच्या सर्वांत उघड्या तुकड्यावर रात्री बसवायला सांगावेत आणि शेतात मेंढ्या बसवण्याचा जो दर आहे तो ग्रामपंचायतीने द्यावा. लेंडीखत आणि मूत्र जिथे पडेल, तिथेच पुढे बी पेरायचे.

बंद ठेवलेल्या १२ एकरांचे काम बियांचे आहे. मारवेल, पवन्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निसवतात आणि दिवाळीच्या सुमारास बी झडते. त्याआधी तिथे ना गुरे, ना विळा. बी झडल्यावर उभे गवत कापून वाळवून घ्या. कस कमी असला तरी भाकड गुरांना चालते. दर वर्षी वेगळा चतुर्थांश बंद ठेवला, तर चार वर्षांत सगळ्या गायरानावर एकदा बी पडते. चराईतल्या भागांपैकी जे सप्टेंबरात खायचे राहून वाढतील, त्यांचे गवत मात्र निसवू लागताच कापावे. आपल्याकडे गवतकापणी नोव्हेंबरपर्यंत लांबते, कारण तेव्हा पाऊस नसतो; पण त्या सहा आठवड्यांत निम्मी प्रथिने जातात. सप्टेंबरअखेर चार दिवसांची उघडीप बघून कापावे, दुसऱ्या दिवशी उलटावे, मुठीत पिळून काडी मोडते आहे असे दिसले की रचावे. ओले रचले तर बुरशी धरते आणि ती वैरण गाभण गाईला घालू नये.

जिथे जिवंत बुडखेच उरले नाहीत, तिथे नुसत्या विश्रांतीने गवत येत नाही. तिथे पेरावे लागते. एकरी दीड ते दोन किलो मारवेल किंवा अंजनचे आणि तेवढेच स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी. गवताचे बी मागच्या वर्षीचे घ्यावे, ताजे नीट उगवत नाही. ते केसाळ आणि हलके असते, वाऱ्याने उडते. म्हणून ओलसर माती आणि शेणात कालवून बारीक गोळ्या करून फेकावे. स्टायलोचे कवच कडक असते. बी ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून लगेच गार करून सुकवावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले क्रांती’ हा स्टायलोचा वाण कोरडवाहू माळाला चालतो. बी एक सेंटिमीटरहून खोल गाडू नये. नांगरट तर करूच नये, समतल रेषेत कुदळीने ओरखडे पुरेत. पहिले वर्ष पूर्ण बंद.

आणि झाडांबद्दल एक कळकळीची विनंती. माळ दिसला की जेसीबीने खड्डे घेऊन रोपे लावण्याची घाई करू नका. पाणवठ्याशी, बांधावर, सावलीसाठी झाडे हवीतच. पण सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य असो की इंदापुरातली कडबनवाडी, या भागाचे चिंकारा आणि लांडगे उघड्या गवताळ माळावरच जगतात. महसुली कागदावर पड म्हटले तरी हा माळ ओसाड नाही.

भाग पाडायला भिंती किंवा काटेरी कुंपण लागत नाही. कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड, त्यावर क्रमांक, आणि तो क्रमांक पाळणारा एक गुराखी पुरतो. त्याला गाईमागे राखोळी ठरवून वेळेवर द्या. सगळी व्यवस्था शेवटी त्याच्यावर उभी आहे. जमले तर सौर झटका मशीन घ्यावे. गाईंना जमिनीपासून ७५-८० सेंटिमीटरवर एक तार पुरते. अर्थिंगसाठी सहा फुटी तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर. उन्हाळ्यात माती सुकली की झटका लागत नाही, तेव्हा सळयांच्या बुडाशी पाणी घालावे. घरगुती विजेची लाइन तारेत कधीही, कोणत्याही कारणाने सोडू नये. त्याने माणसे मरतात. पाणी अर्ध्या किलोमीटरच्या आत हवे. त्याहून लांब असेल तर गाई पाण्याजवळचाच भाग ओरबाडतात आणि दूरचे गवत काडी होते. तिथे फिरती टाकी ठेवा.

जमिनीच्या हक्काबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार मोफत चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्व राज्यांना सांगितले आहे. जे गायरान गावाच्या दप्तरात फेरी, भाग आणि तारखांसह चालते, ते कोणालाही मोकळी जागा म्हणून दाखवता येत नाही.

पशुसंवर्धन विभागाला आमची मागणी तीनच गोष्टींची आहे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चौकट आणि एक तराजू द्यावा. चारा बियाणे वाटपात माळावरच्या गवतांचे बी मेच्या आत पोचवावे; जुलैत आलेल्या बियांचा उपयोग होत नाही. आणि वैरण विकास योजनांत मका, नेपिअरच्या बरोबरीने गायरानाच्या चराई आराखड्याला जागा द्यावी.

१ मेला येताना गायरानाचा सातबारा आणि गटाचा नकाशा, गोठानिहाय गुरांची यादी, आणि गुराखी व मेंढपाळ प्रमुख यांना सोबत आणावे. २ ऑक्टोबरच्या सभेआधी माळावर एका ठरलेल्या रेषेत शंभर पावले चालावे. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आले ते लिहावे: बारमाही गवत, कुसळी, तण, दगड की उघडी माती. पाच रकाने, शंभर खुणा. तो कागद २ ऑक्टोबरला सभेत वाचून इतिवृत्ताला जोडावा, आणि पुढच्या वर्षी त्याच रेषेवर पुन्हा चालावे.

आपले,
पुणे जिल्ह्यातील काही पशुवैद्यक, वैरण अभ्यासक आणि दूध उत्पादक